टाकी हा काय बदल झाला?

मी काय काम करते, हे नातेवाइकांना एका वाक्यात सांगणं अवघड जातं. बँकेत असते तर "बँकेत" म्हटलं की विषय संपला असता. मी सांगते, "बिल्डिंग जागेवर बांधायच्या आधी मी ती कॉम्प्युटरमध्ये बांधते." त्यावर हमखास उत्तर येतं, "म्हणजे चित्र काढतेस."

चित्र नाही. चित्रातली भिंत पुसून दुसरीकडं काढली तर दुसरीकडं एक रेघ येते, बाकी काही होत नाही. माझ्या मॉडेलमध्ये भिंत सरकवली की तिच्यातला दरवाजा सरकतो, दरवाजावरची पट्टी सरकते, विटांचा आकडा बदलतो, आणि त्या भिंतीतून जाणारा पाइप एखाद्या बीमला धडकत असेल तर तेही दिसतं. मॉडेलमधल्या कॉलमला तो किती जाड आहे, त्याच्यात कुठल्या सळ्या आहेत आणि त्याच्या डोक्यावर काय काय येणार आहे, सगळं ठाऊक असतं. जागेवर बांधून मग पाडण्यापेक्षा आधी इथं चुकावं आणि इथंच दुरुस्त करावं, एवढी साधी गोष्ट आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगत सुटते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. वडील सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्रजी. तिन्ही भाषांत मला एकच प्रश्न विचारला गेला, की मुलीला सिव्हिल कशाला? उत्तर देत बसले नाही. पास झाले.

नोकरीला लागले ती एका जुन्या इंजिनिअरांकडं. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. शहरातल्या कितीतरी इमारतींचे कॉलम-बीम त्यांच्या हाताखालून गेलेत. ते अजून पेन्सिलीनं आकडेमोड करतात आणि ती बरोबर असते. माझं काम म्हणजे त्यांच्या पेन्सिलीच्या आकृत्या कॉम्प्युटरवर स्वच्छ करून प्रिंट काढणं. मॉडेलचं काम मी कॉलेजात असताना पुण्याच्या एका कार्यालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकून आले होते. ते हातात असून रोज प्रिंट काढत बसायचं, म्हणजे ट्रॅक्टर दारात उभा करून खुरप्यानं रान उकरायचं. मी सरांच्या मागं लागले. एक बिल्डिंग मला अख्खी मॉडेलवर करू द्या, एकच.

सर हसायचे. "पुण्यात चालतं ते इथं चालत नाही, बाळ. तिथं कागदावर असतं तसं बांधतात म्हणे. आपल्याकडं कागद एक आणि जागा एक. तुझं मॉडेल पायापर्यंत खरं राहील. त्याच्यावर नुसता खेळ."

"खरं राहील, सर. वरपर्यंत."

"कशावरून?"

"मी ठेवीन."

असं दर आठवड्याला. शेवटी एक दिवस सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक. प्रसूतिगृहाचं काम घे. गच्चीपर्यंत मॉडेल आणि जागा एक राहिली, तर पुढची सगळी कामं तुझ्या पद्धतीनं. दोन्हींत फरक पडला, तर ते सॉफ्टवेअर बंद आणि तू परत प्रिंटरपाशी. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. घरी जाताना स्कूटीवर मला जरा भीती वाटली, पण शब्द देऊन झाला होता.

प्रसूतिगृह होतं दुधनीच्या एका अडत व्यापाऱ्याचं. तळमजला आणि वर तीन मजले. धाकटी सून डॉक्टर, तिच्यासाठी ते सोलापुरात बांधायला काढलं होतं. मालक म्हणजे भारदस्त माणूस, कपाळाला विभूती, बोलताना कन्नड आणि मराठी यांच्यात कुठं सांधा आहे ते कळू न देणारे. त्यांना मॉडेल दाखवायला नेलं तेव्हा ते म्हणाले, "हं, लावा तुमचा सिनेमा."

डॉक्टरबाईंपुढं कागदी नकाशे आधी कितीतरी वेळा पसरले होते. दर वेळी त्या "छान आहे" म्हणून सही करायच्या. मी लॅपटॉपवर मॉडेलमधली नजर माणसाच्या उंचीला आणली आणि दारापासून चालत निघाले. कट्टा, काउंटर, उजवीकडं बोळ, बोळाच्या टोकाला प्रसूतिकक्ष.

"थांबा," डॉक्टरबाई एकदम म्हणाल्या. "जरा मागं या. इथं स्ट्रेचर वळणार नाही."

मी मॉडेलमध्येच स्ट्रेचर आणून बोळात ठेवलं. दोन्ही बाजूंना धरायला माणसं उभी केली. वळवून पाहिलं. कोपऱ्याला अडकलं.

"कागदावर तर वळत हुतं की!" मालक म्हणाले.

"मामा, कागदावर स्ट्रेचर नव्हतंच," सून म्हणाली.

मी तिथल्या तिथं औषधांच्या खोलीची भिंत आत घेतली. बोळ रुंद झाला, स्ट्रेचर वळलं. त्यानंतर मालकांनी सिनेमा हा शब्द वापरला नाही. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे झालं खोलीत बसून. आता ऊन लागलं की बघू."

ऊन लागलं.

सर म्हणत होते ते खोटं नव्हतं. आपल्याकडं बांधकाम तोंडी चालतं. पाहुणा आला की त्याला जागा दाखवायची, चहा पाजायचा, आणि जाताना तो एक बदल देऊन जातो. साडू म्हणतो खिडकी लहान वाटते. आत्या म्हणते दरवाजासमोर जिना नको. एखादा मित्र येतो आणि नुसता "हितं काय करणाराय?" एवढंच विचारतो, की मालकाच्या डोक्यात भुंगा शिरतो. मग ठेकेदाराला सांगितलं जातं, ठेकेदार गवंड्याला सांगतो, गवंडी फक्कीनं जमिनीवर रेघ मारतो, आणि दुपारपर्यंत विटा चढलेल्या असतात. या सगळ्यात इंजिनिअरच्या कानावर काही जात नाही. तो महिन्यानं आला की खिडकी भलतीकडंच.

ठेकेदार मालकांच्याच अक्कलकोट तालुक्यातला, मैंदर्गीचा. डोक्याला टॉवेल, खिशात दोन फोन. पहिल्या दिवशी मी टेप घेऊन पायाच्या खड्ड्यात उतरले तेव्हा वरून म्हणाला, "म्याडम, तुमचं त्ये कॉम्प्युटरमधलं हॉस्पिटल लई भारी हाय म्हनं. तितंच करा की बाळंतपनं. आमाला कशाला उनात उबं करताय?"

सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, "मामा, कॉम्प्युटरमध्ये सिमेंट ओलं होत नाही. तेवढ्यासाठी तुम्ही लागता." खड्ड्याचं माप बरोबर होतं. तसं सांगितल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

रोज सकाळी कार्यालयात जाण्याआधी मी जागेवर जायचे. एक फेरी, टेप, फोटो. जे बांधलंय ते मॉडेलशी ताडून बघायचं. पण फेरी मारून कळतं ते झालेलं. मला हवं होतं होणारं. म्हणून सांगितलं, की काही बदललं तर आधी मला लिहून पाठवा. कुणी लिहीना. ग्रुप केला. त्यावर रोज गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. एकदा तर ठेकेदारानं भाचीच्या लग्नाची पत्रिका टाकली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उलटं मागतेय. ही माणसं दिवसभर बोलतात. लिहीत नाहीत. मग बोलूनच का घेऊ नये? ठेकेदाराला म्हटलं, "मामा, तोंडी बदल तोंडीच राहू दे. फक्त गवंड्याला सांगायच्या आधी फोनचं बटण दाबून मला सांगा. मी मॉडेलमध्ये करून फोटो पाठवते. फोटो बघून तुम्ही 'व्हय' म्हणायचं. तुमचा 'व्हय' आला की काम सुरू."

"आन न्हाय म्हटलं तर?"

"तर मी येते भांडायला."

"मग व्हयच म्हनंन बाई. परवडंल."

आणि जमलं. त्याचे निरोप यायचे तेही ऐकण्यासारखे. मागं मिक्सर फिरतोय, कुणाला तरी शिव्या चालल्यात, आणि मध्येच, "म्याडम, दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाचं दार मालक उलट्या बाजूला म्हनतेत. त्यांच्या मेव्हन्याला पटंना. करू का?" मी करून बघायचे. दार उघडलं की बेसिनला धडकायचं. धडकल्याचा फोटो पाठवायचे. "राहू दे मग, मेव्हना घरी गेला," असा निरोप यायचा. एकदा सांडपाण्याचा पाइप बीममधून जातोय हे मॉडेलमध्ये दिसलं, तेव्हा सेंट्रिंगचं काम चालू असतानाच जागा सोडून घेतली. एरवी नंतर छिन्नीनं बीम फोडला असता. आपल्याकडं सर्रास फोडतात.

मजल्यामागून मजला चढला. मॉडेल आणि जागा एक होती. सर माझ्या टेबलामागं उभं राहून स्क्रीन बघायला लागले होते.

गच्चीचा स्लॅब झाला. जिन्याचं डोकं, म्हणजे गच्चीवर जिन्यावर येणारी खोली, झालं. राहिली ती त्याच्यावरची पाण्याची टाकी. मधले दोन दिवस मला सरांनी मैंदर्गीला एका जुन्या शाळेची मापं घ्यायला पाठवलं होतं. परत आल्यावर सकाळी गच्चीवर चढले आणि जागच्या जागी थांबले.

टाकीच्या सळ्या बांधून तयार होत्या. पण माझ्या टाकीच्या नव्हेत. माझ्या मॉडेलमधली टाकी जिन्याच्या डोक्यावर मावेल एवढी होती. ही बाहेर झुकली होती आणि उंचीलाही जवळजवळ दुप्पट होती. दोन कामगार फळ्या लावत होते.

"मामा, हे काय?"

"टाकी," ठेकेदार म्हणाला.

"केवढी?"

"मालकाचे व्याही आले हुते. म्हनले पानी चार-पाच दिसांनी येतंय, एवढुश्या टाकीत दवाखाना भागंल व्हय? मोठी करा. केली. उद्या काँक्रीट हाय. मुहूर्त बी हाय."

"मला निरोप का नाही दिला?"

तो खरंच गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, म्हणूनच मला जास्त राग आला. "आता टाकीचं काय सांगायचं? टाकी हा काय बदल झाला व्हय? भिंत हालवली, दार हालवलं तर तुमाला सांगतोयच की. टाकी तर समदीच मोठी करतेत."

आणि हे त्याचं खरं होतं. सोलापुरात टाकी मोठी करणं कुणी बदल धरत नाही. पंगतीला एक पाहुणा वाढला तर दोन भाकरी जास्त टाकतात, ते काय कुणाला विचारून? तसंच. आमच्या स्वतःच्या घरात मोरीत पिंप, मोरीबाहेर पिंप, गॅलरीत पिंप, पत्र्यावर काळी टाकी. पाणी साठवण्याला या गावात कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. वजन कुणाच्या मनातच येत नाही. पाणी म्हणजे पुण्य. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि तो टन आणि त्याच्यावरचे सगळे टन कुणीतरी चोवीस तास डोक्यावर घेऊन उभं राहायचं असतं. इथं ते जिन्याच्या चार कॉलमांनी घ्यायचं होतं. खालून वरपर्यंत ओतून झालेले कॉलम. आता त्यांना जाड करता येणार नव्हतं.

ठेकेदार माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, तुमची आन सायबांची पैज मला म्हाईत हाय. चिंता कशाला करताय? तुमच्या मॉडेलात बी टाकी मोठी करून टाका. तुमचं बी जुळंल, आमचं बी जुळंल."

त्यानं चांगल्या मनानं सांगितलं होतं. आणि सरांची अट शब्दशः पाहिली तर तेवढंच पुरेसं होतं. मॉडेल आणि जागा एक. एवढंच तर ठरलं होतं. दुपारपर्यंत टाकी मोठी करायची, कुणाला काही बोलायचं नाही, आणि पुढची सगळी कामं माझी.

कार्यालयात जाऊन मी टाकी मोठी केली. तेवढी केलीच. पाणी भरलं, हिशेब चालवला. जिन्याचे दोन कॉलम लाल झाले, म्हणजे वजन त्यांच्या ताकदीबाहेर गेलं. तळमजल्यापासून वरपर्यंत लाल. तिसराही नारिंगी. माझं मॉडेल आता जागेशी तंतोतंत जुळत होतं आणि सांगत होतं की हे बांधू नका.

मी लॅपटॉप उचलून सरांपुढं ठेवला. जागेवर काय झालंय ते सांगितलं. हेही सांगितलं की सकाळी मॉडेल आणि जागा वेगळी होती.

सरांनी स्क्रीनकडं बघितलंच नाही. पेन्सिल घेतली, जुन्या प्रिंटच्या मागं आकडे मांडले, शेवटी एका आकड्याभोवती गोल केला. "बरोबर आहे तुझं. नाही चालणार." मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "हे मालक माझ्याकडं वर्षानुवर्षं येतात. दुधनीचा अर्धा बाजार त्यांनी माझ्याकडं पाठवलाय. उद्याचा मुहूर्त आहे, पाहुणे बोलावलेत."

"मग?"

"मग काय? बिल्डिंग तू मागून घेतलीस. तू सांग."

त्यांनी अंग काढून घेतलं असं मला तेव्हा वाटलं. पण दुसरं काही नव्हतं. सांगायचं तर मलाच होतं. आणि नुसतं नाही म्हणायला जायचं नव्हतं. व्याह्यांचं म्हणणं चुकीचं होतंच कुठं? चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात प्रसूतिगृहाला पाणी जास्त लागणार, हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. पाणी हवंच होतं, फक्त ते डोक्यावर नको होतं.

डॉक्टरबाईंना फोन करून रोज किती पाणी लागेल ते विचारून घेतलं. मग मॉडेल गोल गोल फिरवत बसले. पाणी जमिनीत ठेवलं तर त्याचं वजन जमीन घेते. समोर गाड्या लावायच्या जागेखाली अजून काही केलं नव्हतं. डाव्या बाजूला सांडपाण्याची लाइन आणि चेंबर होते, त्यांच्याजवळ पिण्याचं पाणी ठेवता येणार नाही. उजवी बाजू मोकळी होती. तिथं जमिनीखाली मोठा हौद बसत होता. वर ठरलेलीच टाकी, पंपानं भरायची. वीज गेली तर जनरेटर आधीच होता. दुपारचं जेवण डब्यात तसंच राहिलं.

मध्ये वडिलांचा फोन आला. मी काय चाललंय ते सांगितलं. वडील म्हणाले, "मालकाशी कशाला वाकडं घेतेस, अम्मा? पाणी जास्त असलं तर बिघडतं काय?" घरचासुद्धा एक माणूस माझ्या बाजूनं नव्हता! मी म्हटलं, "नान्ना, तुम्ही आधी गॅलरीतलं एक पिंप खाली काढा," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मालक सुनेला घेऊन जागेवर आले. ठेकेदार होता. सर गाडीपाशी उभे राहिले, पुढं आले नाहीत. मी गच्चीवरच लॅपटॉप उघडला. "मालक, उद्याचं काँक्रीट थांबवावं लागेल. ही टाकी या कॉलमांना पेलणार नाही."

"अशी कशी पेलनार न्हाय? केवढे जाड कॉलम हायेत. हत्ती बांधा."

"हत्ती उतरून जातो, मालक. टाकी उतरत नाही."

त्यांनी लाल कॉलम पाहिले. "तुमी रंग बदला त्यो."

"रंग मी दिलेला नाही. वजन टाकलं की तो येतो."

ते ठेकेदाराकडं वळून भरभर कन्नडमध्ये बोलायला लागले. मला कन्नड येत नाही, पण त्यांचं 'नीरु' आणि आमच्या तेलुगूतलं 'नीळ्ळु' यांत अंतर ते किती. पाणी, पाणी, पाणी चाललं होतं. मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "ताई, तुमी कॉलेज शिकला, मान हाय. पन मी दुधनीत घागरी भरून लहानाचा मोठा झालोय. पान्याशिवाय दवाखाना म्हंजे काय? उद्या बाळंतीण आली आन नळाला पानी न्हाय, तर लोक मला इचारतील, तुमच्या मॉडेलाला न्हाय."

"पाणी कमी करा असं मी म्हणतच नाही. तुमच्या व्याह्यांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त देते. पण खाली." मी हौद दाखवला.

"खाली? आता परत खोदाई? न्हाय न्हाय. उद्या मुहूर्त हाय."

मी बाजूला झाले नाही. टाकीच्या सळ्यांना पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, "मालक, मला हे काम करायचंय, त्यासाठी मी भांडून घेतलंय. ही टाकी झाली तर मॉडेल जुळतं आणि माझं भलं होतं. तरी मी सांगते की करू नका."

तेव्हा डॉक्टरबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "मामा, माझी खोली या जिन्याला लागून आहे. डोक्यावर काय लटकलंय या धास्तीत मी बाळंतपणं करणार नाही."

मालकांनी गच्चीच्या कठड्याला हात टेकले आणि खाली गाड्यांच्या मोकळ्या जागेकडं बराच वेळ पाहिलं. मग न वळता विचारलं, "ती कुठली दिशा?"

मी मॉडेल फिरवलं. उत्तरेचा बाण वर आणला. "ईशान्य."

"ईशान्य?" ते वळले. "जमिनीतलं पानी ईशान्येला?"

"हो."

"मग आधी सांगायचं न्हाय का हो!" ते ठेकेदारावरच खेकसले. "ईशान्येचं पानी म्हंजे उत्तमच की. व्याह्यांना काय कळतंय? उतरवा त्या सळ्या."

मी वास्तू मानत नाही, आजही नाही. सगळं गणित मांडून जे झालं नाही ते एका दिशेनं केलं, याचा मला थोडा रागही आला. पण कॉलम वाचले. राग मी गिळला आणि ईशान्येचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर टाकीऐवजी हौदाच्या जागी नारळ फुटला. तोच मुहूर्त कामी आला. ठेकेदारानं मजुरांना सळ्या सोडवायला लावल्या आणि जाता जाता मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बांधायला एक दिस, सोडवायला एक दिस. मधला दिस म्याडमचा."

सगळं उरकल्यावर सर आले, तेही टेप घेऊनच. खालपासून वरपर्यंत प्रत्येक मजला फिरले. मी लॅपटॉप धरून मागं, ठेकेदार त्याच्या मागं. सर एखादी खिडकी मोजायचे, माझ्याकडं बघायचे, मी स्क्रीनवरचा आकडा वाचायचे. जुळायचा. गच्चीवर आल्यावर त्यांनी टेप बंद केला.

"सगळं जुळतंय. पण त्या सकाळी जुळत नव्हतं. आपलं काय ठरलं होतं?"

हे येणार हे मला माहीत होतं. उत्तर तयार करून आणलं नव्हतं, पण गप्प बसणार नव्हते. "ठरलं ते मला आठवतं, सर. अट मोडली. पण मॉडेल नसतं तर ती टाकी आज तुमच्या डोक्यावर असती आणि आपण तिच्याखाली उभं राहून पेढा खात असतो. जागा चुकली तेव्हा ती चुकली हे कळायला काहीतरी हवं की नको? मला परत प्रिंटरपाशी बसवायचं तर बसवा. पण मॉडेल हरलं म्हणून बसवू नका. ते हरलेलं नाही."

सरांनी टेप खिशात टाकला. मग ठेकेदाराला म्हणाले, "तुम्ही सांगा. पुढचं काम कागदावर करायचं का असं?"

"मला इचारता व्हय, सायेब?" ठेकेदारानं टॉवेल खांद्यावर टाकला. "कागद भिजतोय. वाऱ्यानं जातोय. एकदा तर भजीवाल्यानं आमच्या नकाशात भजी बांधून दिलती. ह्ये बरं हाय. फकस्त म्याडमला सांगा, सकाळी सकाळी टेप घिऊन डोक्यावर उबं राहू नका म्हनावं. चा तर पिऊ द्या मान्साला."

सर हसले नाहीत. जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर थांबून, मागं न बघता म्हणाले, "अट बदलू. जुळलं पाहिजे असं नाही. जुळत नसेल तर त्याच दिवशी मला कळलं पाहिजे."

"म्हणजे चालू ठेवायचं?"

"मराठीत काय वेगळं सांगितलं मी?"

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर नवीन काम होतं. दोन भावांचं घर, जुळे सोलापूर भागात. धाकटा भाऊ समोर बसून होता. त्यानं खोल्या सांगायला सुरुवात केली. हॉल मोठा हवा, स्वयंपाकघर पूर्वेला, आईला खाली खोली.

"ते सगळं घेते," मी म्हटलं. "आधी सांगा, तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं, आणि घरात पिंपं किती आहेत?"

तो जरा चकित झाला. मग बोटांवर मोजायला लागला.